मध्यावरचा काटा

बटण नव्हतं ते. बटणांच्या डब्यातून उज्वलाने ते चिमटीत उचलून पुढे धरलं तेव्हा प्रफुल्लला आधी दिसले त्याच्या अंगावरचे पट्टे — तपकिरी, हिरवा, पुन्हा तपकिरी, टोकाला एक सोनेरी — आणि मग दोन्ही बाजूंनी निघून एकमेकींत अडकलेल्या दोन बारीक तारा.

"हे कसलं हो?" तिने विचारलं. तिच्या मांडीवर त्याचा कंपनीतला शर्ट होता, गळ्याखालचं बटण तुटलेला. "तुमच्या कंपनीतलं असेल. फेकू?"

"ठेव," तो म्हणाला, आणि हात पुढे करून ते घेतलंसुद्धा, आणि घेतल्यावर लगेच वाटलं की फेक म्हणालो असतो तर बरं झालं असतं... पण आता ते तळहातावर होतं, उडदाच्या दाण्याहून जरा लांबट, वजन जाणवू नये इतकं हलकं, आणि ते कुठून आलं हे पट्टे दिसल्याबरोबर त्याला कळलं होतं. गॅरेजवाल्या सावळीराम मिस्त्रीने असे दोन रेझिस्टर आणले होते. एक गाडीत बसवला, दुसरा त्याच्या खिशात सरकवून म्हणाला, "हा दाणा जपून ठिवा साहेब, पयला जळला तर कामाला येईल." पहिला जळला नाही. पहिला अजून तिथेच आहे, डॅशबोर्डच्या मागे, इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्याच्या तारेत. आणि गाडी मात्र आता आपली नाही. बुधवारी ती निसारला विकली.

भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते. रविवार. निसार नऊला निघणार होता.

निसार शेख त्याच्याच शेडमध्ये लेथवर काम करतो, सातपूरला, बावीस वर्षं झाली. त्याच्या आईचे, गुलजारबींचे, गुडघे गेलेत. मागच्या ईदला मनमाडला जाताना एसटीच्या पायरीवर त्या पडता पडता राहिल्या, तेव्हापासून निसारच्या डोक्यात गाडी होती. काल सुट्टीच्या भोंग्याला तो मुद्दाम टेबलापाशी येऊन सांगून गेला — "उद्या अम्मीला घेऊन मनमाड, सर. मामूच्या नातीची मंगनी आहे. गाडीचा पहिलाच लांबचा प्रवास." आणि आपण हसून म्हणालो, सावकाश जा. मे महिना, बेचाळीसला टेकलेलं ऊन, पिंपळगावच्या टोलनाक्यावर रविवारची रांग, पुढे चांदवडचा चढ, मागच्या सीटवर पाय उचलता न येणारी म्हातारी... आणि समोर एक काटा, जो इंजिन बर्फासारखं गार असलं तरी मध्यावर आणि उकळून वाफ धरलेलं असलं तरी मध्यावर. सावकाश जा म्हणालो. एवढं बोललो.

त्याने फोन लावला. पूर्ण रिंग वाजून गेली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. गाडी चालवत असणार, निसार गाडी चालवताना फोन घेत नाही, शिस्तीचा माणूस... तो उठला, गॅलरीत गेला, खाली फाटकाशेजारी जिथे अकरा वर्षं गाडी उभी असायची तिथली मोकळी फरशी बघून परत आला.

सगळं मोहदरीच्या घाटात सुरू झालं. तीन उन्हाळ्यांपूर्वी. सिन्नरला उज्वलाच्या मावसभावाकडे निघालो होतो, घाटात ट्रकच्या मागे अडकलो, आणि काटा वर जातोय हे दिसत असूनही — दिसत होतं, मी बघत होतो — ट्रक आत्ता पुढे सरकेल या आशेवर मी तसाच रेटत राहिलो. बॉनेटखालून वाफ आली तेव्हा थांबलो. आणि मग ती चूक, जी रस्त्यावरचं कुणीही करू नका म्हणून सांगेल: तापल्या रेडिएटरचं झाकण उघडलं. कडेला थांबलेला एक जीपवाला ओरडला, थांबा, अर्धा तास थांबा, पण तोवर झाकण अर्धं फिरलं होतं, आणि उज्वला शेजारी उभी होती, हातात ओलं फडकं घेऊन, मदतीला. प्रफुल्लला स्वतःला काही झालं नाही. तिच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत पाणी उडालं. अजून तिथली कातडी वेगळी दिसते, शर्टाला बटण लावताना तर जास्तच, कारण तो हात उजेडात वरखाली होत असतो.

ती कधी काही बोलली नाही. त्याबद्दल तरी नाही. बोलली असती तर कदाचित त्या काट्याचं जे वेड नंतर डोक्यात शिरलं ते शिरलं नसतं, असं त्याला अधूनमधून वाटतं, आणि मग आपण तिच्यावरच ढकलतोय हे लक्षात येऊन तो स्वतःवर चिडतो.

वेडच होतं ते. सावळीरामने रबराचा फुटका पाइप बदलला, झाकण नवं टाकलं, म्हणाला झालं काम. पण प्रफुल्ल गाडी चालवताना रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघायचा, आणि काटा हलायचा — सिग्नलला थांबलं की केसभर वर, निघालं की केसभर खाली. दर शनिवारी तो त्र्यंबक रोडच्या आतल्या त्या गॅरेजमध्ये हजर. मग रेडिएटर धुऊन झाला. पंख्याचा स्विच झाला. व्हॉल्व्ह बदलला, पाण्याचा पंप बदलला, इंजिन चालू ठेवून पाण्यात बुडबुडे येतात का ते सावळीरामने विडी विझवून पाच मिनिटं वाकून बघितलं. काही नाही. दसऱ्याला उज्वलाने हौसेने गाडीला झेंडूची माळ बांधली, ती त्याने कोपऱ्यावर जाऊन सोडून डिकीत टाकली, कारण माळ जाळीवर येते, हवा अडते. ती आठ दिवस धुसफुसत होती. आणि त्याच्या पुढच्या मे महिन्यात तर त्याने कहर केला, कुठल्याशा व्हिडिओत बघितलं की गाडीचा हीटर लावला की इंजिनाची उष्णता आत ओढली जाते — गंगापूर रोडने भर दुपारी काचा उघड्या टाकून, हीटर पूर्ण सोडून, घामाने निथळत चाललेलं नवरा-बायकोचं ते जोडपं बघून स्कूटरवाले वळून वळून बघत होते. त्या दिवसापासून ती मागच्या सीटवर बसायला लागली. "तुमचं त्या काट्याशी चाललेलं असतं," म्हणाली, "मला पुढे बसून काय करायचंय?"

शेवटी सावळीरामच कंटाळला. "साहेब, गाडीला काय बी झालेलं नाय," तो म्हणाला. "झालंय ते तुमाला. गाडी गरम होनार, पंखा लागनार, गार होनार. काटा हलनारच ना. जित्ती हाय ती." आणि पुढच्या शनिवारी त्याने हे दोन दाणे आणून ठेवले होते. एक तारेत लावला की काटा मध्यावर जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. "आता बघत बसू नका. झोपा सुखानं."

मी हो म्हणालो. मी — शेडमधला तपासनीस, ज्याच्या टेबलावरच्या प्रत्येक मापाच्या घड्याळाला तपासणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असते, जो नवीन पोरांना पहिल्या दिवशी सांगतो की चुकीचं दाखवणारा काटा एकवेळ परवडला पण अडकलेला काटा घात करतो — मी हो म्हणालो, आणि मिस्त्रीचे आभारही मानले. आणि खरं सांगायचं तर त्यानंतरची दोन वर्षं फार सुखाची गेली. काटा मध्यावर असायचा आणि त्याला ते बघून बरं वाटायचं. पहिले काही दिवस, हे खोटं आहे हे माहीत असून बरं वाटायचं. मग माहीत असणं हळूहळू मागे गेलं आणि नुसतं बरं वाटणं उरलं. उज्वला पुन्हा पुढे बसायला लागली.

त्याने सावळीरामला फोन लावला. तिकडे हातोड्याचा आवाज येत होता, रविवार असूनही.

"तो दाणा, सावळीराम. लक्षात आहे का? गाडी विकली मी. तो आतच राहिला."

"अर्रर्र," सावळीराम म्हणाला. हातोडा थांबला. "काढायला पायजे हुता की. इसरलो आपन दोघं बी."

"आज मनमाडला घेऊन गेलेत. म्हातारी आहे गाडीत."

"गाडीला काय होत नाय साहेब, चांगली हाय गाडी." हातोडा खाली टाकल्याचा आवाज आला. "पन पाइपाचं काय सांगावं, रबरच ते. आन ऊन बी लय हाय. लावा फोन त्यास्नी. झाकन उघडू नका म्हनावं, काय बी झालं तरी."

विसरलो आपण दोघंही. सावळीरामने किती सहज म्हटलं ते, आणि किती बरं वाटलं ऐकून, आणि ते बरं वाटणं मनात ठरेना. सावळीराम विसरला हे खरं. त्याच्या हाताखालून शंभर गाड्या जातात. पण मी?

बुधवारची संध्याकाळ. निसार गाडी बघायला यायचा होता सहाला. प्रफुल्ल पावणेसहाला खाली उतरला आणि इंजिन सुरू करून ठेवलं. का? बॅटरीसाठी, असं तेव्हा मनाशी म्हटलं होतं. बॅटरी तर मार्चमध्येच नवी टाकलेली. इंजिन आधीच गरम असेल तर मध्यावरचा काटा कुणालाही खटकत नाही; गार इंजिनावर मात्र चावी फिरवल्या फिरवल्या काटा मध्यावर दिसला तर शेंबड्या पोरालासुद्धा कळेल की काहीतरी गडबड आहे. हा हिशोब मी केला होता का? केल्याचं आठवत नाही. पण पाय मात्र पावणेसहाला जिना उतरले. निसार आला, बसला, कॉलेज रोडपर्यंत जाऊन आला, अदबीने, दुसऱ्याच्या घरात बसावं तसा सीटच्या पुढच्या कडेवर बसून. तुमची गाडी म्हटल्यावर बघायचं काय, म्हणाला. आणि मग काट्याकडे बोट दाखवून कौतुकाने, "एवढं ऊन, पण काटा बघा सर, कसा जागच्या जागी."

"हलत नाही," प्रफुल्ल म्हणाला होता.

दोन शब्द. त्यातला एकही खोटा नाही. ते म्हणताना आवाजात थोडा अभिमानही होता, हे त्याला आता स्वच्छ ऐकू येत होतं, आणि त्या अभिमानाच्या पाठीमागे कुणी उभं होतं का — जो सगळं जाणून होता, ज्याने पावणेसहाला इंजिन सुरू केलं — ते मात्र कितीही मागे वळून बघितलं तरी दिसत नव्हतं. बघायला गेलं की ती संध्याकाळ नेमकी तिथेच धूसर व्हायची.

"अहो, किती फेऱ्या माराल?" उज्वला म्हणाली. तिने बटण लावून दोरा दातांनी तोडला. "फोन उचलला की सांगून टाका. लक्षात राहिलं नाही म्हणावं. माणूस विसरतो."

"विसरलो असेन तर ना."

"म्हणजे?"

तो पुन्हा गॅलरीकडे वळला. तिने त्याच्याकडे पाहिलं, शर्टाची घडी घातली, आणि उठून आत गेली. काही विचारायचं ते तिने विचारलं नाही. या घरात बरंच काही असं न विचारताच राहतं, आणि त्याला ते आजवर सोयीचं गेलेलं आहे हेही त्याला कळलं, आणि नको तेव्हा कळलं.

दहा वाजले. म्हणजे पिंपळगाव मागे पडलं असेल... की टोलच्या रांगेत असतील, इंजिन चालू, गाडी जागच्या जागी, आत एसी, कारण गुलजारबींना ऊन सोसत नाही, आणि बॉनेटखाली पाणी तापतंय, तापतंय, आणि निसार काट्याकडे बघून निवांत. निसारला वाटेल गाडी उत्तम आहे. सरांची गाडी. आणि वाफ आली तर तो काय करेल? लेथवरचा माणूस, हातात धिटाई आहे, उतरेल आणि झाकणाला हात घालेल. अरिबा शेजारी उभी असेल. त्याची मुलगी, अकरावीतली, बापाच्या मदतीला पाण्याची बाटली घेऊन... त्याला बसवेना. त्याने पुन्हा फोन लावला, आणि या वेळी तिसऱ्या रिंगला कुणीतरी उचलला.

"हॅलो, काका? मी अरिबा. अब्बा गाडी चालवताहेत."

"कुठे आहात बेटा?"

"वडनेरभैरवच्या पुढे आलो. दादी झोपलीय मागे."

सांग. आत्ता सांग. अब्बांना म्हणावं गाडी बाजूला घ्या, काटा खोटा आहे, झाकणाला हात लावू नका. वाक्य तयार होतं, सकाळपासून घोटून तयार होतं, आणि तोंडातून भलतंच आलं.

"तो... इंजिनाचा काटा कुठे आहे गं? समोर बघ, डावीकडे, थर्मामीटरचं चित्र असतं बघ."

मध्यावर. ती मध्यावर म्हणणार, आणि मग आपल्याला बोलावंच लागणार. तो वाट बघत राहिला. फोनमधून हॉर्नचा आवाज आला, मागे कुणीतरी खोकलं.

"मध्याच्या थोडा वर आहे, काका," अरिबा म्हणाली. "मघाशी टोलवर अजून वर गेला होता, मग खाली आला. आता परत... हां, आला खाली."

प्रफुल्ल पलंगाच्या कडेवर बसला. काटा हलतोय. तिने जे सांगितलं ते दोन वर्षांत त्याने डोळ्यांनी बघितलं नव्हतं — वर गेला, पंखा लागला, खाली आला — आणि ते ऐकून पहिल्यांदा जो आला तो निखळ आनंद होता, अगदी एका क्षणाचा: गाडी चांगली आहे. गाडी तेव्हाही चांगलीच होती. मग दुसरा विचार आला. तार आपोआप जोडली जात नाही. दाणा कुणीतरी काढला.

"अब्बा गाडी थांबवताहेत, चहाला," अरिबा म्हणाली. "देते."

"सर?" निसारचा आवाज नेहमीसारखा, थोडा दमलेला. "बोला ना सर. फोन दिसला नाही मला मघाशी."

"निसारभाई, तो काटा..."

"हां, ती तार. मी काढून घेतली ती. गुरुवारी रात्री मेहुण्याकडे. त्याचं छोटंसं गॅरेज आहे ना वडाळ्याला." तो ओझरतं सांगावं तसं सांगत होता, मधेच चहावाल्याला चार म्हणाला, एक बिनसाखरेचा. "त्या दिवशी सकाळी गाडी गार होती, चावी फिरवली अन् काटा एकदम मध्ये. समजलं. काही नाही सर, आता बराबर चालतोय. गाडी एक नंबर आहे."

"मी तेच सांगायला फोन केला होता."

हे खरं होतं. सकाळपासून पहिल्यांदा त्याने काहीतरी पूर्ण खरं सांगितलं होतं. पलीकडे ट्रक गेला, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत निसार थांबला.

"हो सर," तो म्हणाला. "बराबर."

आणि अम्मी उठली वाटतं, पोचल्यावर करतो फोन, असं म्हणून त्याने ठेवला.

बराबर. त्यात टोमणा नव्हता. निसारला टोमणा मारता येत नाही. ते एखाद्या मोठ्या माणसाची लाज झाकावी तसं म्हटलेलं होतं, हलक्या हाताने, आणि प्रफुल्लला वाटलं, शिव्या घातल्या असत्या तर निदान आपल्याला रागवायला जागा राहिली असती. गुरुवारी रात्री काढली, म्हणाला. सकाळी समजलं आणि काढली रात्री. मग दिवसभर? दिवसभर तो कामावर होता. दुपारी कँटीनमध्ये डबा उघडून तो माझ्यासमोर येऊन बसला होता, एरवी तो त्याच्या टेबलावर बसतो, आणि भाकरी मोडता मोडता त्याने विचारलं होतं, सर, गाडीचं अजून काही सांगायचं राहिलं असेल तर सांगून ठेवा. मी म्हणालो, मागच्या डाव्या काचेचं बटण अडकतं. तो पाणी प्यायला. मग पुन्हा विचारलं त्याने — अजून काही, सर? — दोनदा विचारलं, आता आठवतंय, दोनदा विचारलं.

आणि दुसऱ्यांदा मी काय केलं? मी वर बघितलं नाही. डब्यातली मटकी चमच्याने एका बाजूला सारत होतो, आणि ज्या जागी बुधवारची संध्याकाळ धूसर होते तशी ही दुपार होत नव्हती. ही लख्ख होती, कँटीनच्या पत्र्यावरच्या उन्हासकट. मटकी सारताना डोळ्यासमोर सावळीरामची बोटं आली होती, तार सोलणारी. आली होती. मी चमचा खाली ठेवला, झाकण लावलं, आणि म्हणालो, नाही, अजून काही नाही.

बुधवारचं मला ठाऊक नाही, कदाचित कधीच कळणार नाही. गुरुवारचं ठाऊक आहे.

तो तसाच बसून राहिला. सकाळपासूनची तगमग कुठे गेली ते त्याला समजेना. पायांना आता फेऱ्या मारायच्या नव्हत्या, घड्याळाकडे बघायचं नव्हतं, मनमाडच्या रस्त्यावर आता कुणाला काही होणार नव्हतं. त्या तगमगीच्या जागी काहीतरी जड आणि शांत येऊन बसलं होतं, आणि ते आज जाणार नव्हतं. दारात उज्वला उभी होती, ओला हात पदराला पुसत.

"लागला का फोन? काय म्हणाले?"

"गाडी छान चालली आहे म्हणाला."

"बघा. उगीच जीव टांगणीला लावता." ती वळली, आणि मग पुन्हा थांबली, कारण तो अजून तिच्याकडे बघत होता. "काय हो?"

काही नाही हे दोन शब्द जिभेच्या टोकावर आले. त्याने ते म्हटले नाहीत. तिला बस म्हणून त्याने पलंगावरची घडी घातलेली वर्तमानपत्रं बाजूला सारली, आणि ती बसेपर्यंत एवढंच डोक्यात येत राहिलं की उद्या सोमवार आहे, आणि पाळी सुरू झाली की निसार लेथवरचा पहिला जॉब काढून, पुसून, नेहमीसारखा माझ्या टेबलावर आणून ठेवेल, आणि मी मापं घेऊन हो म्हणेपर्यंत समोर उभा राहील.